दोघांची करवत

पडवीच्या भिंतीला दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली ती लांब करवत तुमच्याही घरी असेल. दोन्ही टोकांना लाकडी मुठी, दातांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, शेजारच्या कोनाड्यात तिकोनी कानस, रॉकेलची बाटली, तीनचार पाचरी आणि एक घण. पोरांनी हात लावायचा नाही. शेजाऱ्यांनी मागितली तर द्यायची, पण ‘कानस मारून परत करा हो’ असं बजावून. यायची ती बोथट होऊनच. बरोबर एखादा फणस यायचा, मग कोण काय बोलणार?

श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोली, कुठलंही आगर घ्या. मृगाचा वारा सुटला की एखादा माड, दोनचार पोफळी, कधी वाडीतला जुना रायवळ आडवा व्हायचाच. पण पडल्या पडल्या कुणी कुऱ्हाड घेऊन धावत नसे. आमचे आबा पंचा खोचून झाडाभोवती फिरत. वाकून खालून बघत, फांद्या कुठे टेकल्यात ते बघत, वर काही लोंबतंय का ते बघत. आम्ही चुळबुळ केली की एकच वाक्य यायचं: “थांबा रे, आधी बघू दे.”

बघण्यासारखं पुष्कळ असायचं. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मधे अधांतरी असेल, तर त्याचं वरचं अंग दबलेलं असतं आणि खालचं ताणलेलं. नुसतं वरून कापत गेलं की चीर मिटते आणि करवत चावली जाते. म्हणून वरून सुमारे तिसरा हिस्सा कापायचा, जमेल तिथे चिरेत पाचर ठोकायची आणि उरलेलं खालून कापायचं. एकच टोक टेकलेलं असेल तर सगळं उलट: आधी खालून थोडं, मग वरून. नाहीतर ओंडका अर्ध्यावर उभा फाटतो. खालून कापायचं म्हणजे मातीत गुडघे टेकून, नाकातोंडात भुसा घेत. ते काम हटकून धाकट्यांच्या वाट्याला.

माडाखाली दबून वाकलेली पोफळ तर ताणलेलं धनुष्यच. वरचा भार हलला की ती अशी उसळायची की समोर उभा असलेला माणूस आडवा होईल. उताराच्या वाडीत ओंडक्याच्या वरच्या बाजूलाच उभं राहायचं. आणि उन्मळलेल्या झाडाच्या मुळाशी जो खड्डा पडतो, त्यात उतरायला सक्त बंदी. आम्हाला तो खड्डा किल्ला करायला हवा असायचा. पण खोड कापून वरचा भार गेला की मुळांचा मातीसकटचा गड्डा कधीकधी परत खड्ड्यात बसतो, हे आबांना ठाऊक होतं. दरडावणं तेवढं आमच्या लक्षात राहिलं, कारण फार उशिरा कळलं.

मग करवत निघायची. तिचा नियम साधा: ओढायची, ढकलायची नाही. आपण ओढायचं आणि मग हात सैल सोडायचा, म्हणजे पलीकडचा ओढतो. सख्ख्या भावांना हे कधीच जमलं नाही. “तू ढकलतोयस!” “तूच लोंबकळतोयस!” काकू चहा घेऊन आली की भांडण आणि करवत दोन्ही थांबायचं. फणसाचा चीक पात्याला बसला की रॉकेलचा बोळा फिरवायचा. वाया काही जायचं नाही. फणसाचे पाट आणि दारं, पोफळ चिरून पन्हळ, माडाचं खोड वहाळावर साकवाला, ढलप्या न्हाणीच्या चुलीला, भुसा गोठ्यात.

आता पडवीत ‘कटर’, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, आलाय. दोन दिवसांचं काम तासाभरात होतं, आणि पाठ मोडत नाही हेही खरंच. गंमत म्हणजे 1926 साली जर्मनीत श्टीलनं विजेवरची जी पहिली करवत बनवली, ती 64 किलोंची होती आणि दोघांनीच धरावी लागायची. आज ती एकट्याच्या हातात मावते, आणि माझ्या मते तिथंच घोटाळा आहे. जुनी करवत चावली तर नुसती अडकायची. घाम पुसून पाचर ठोकायला वेळ असायचा. कटरची साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र हिसका देऊन उलटं तोंडावर येतं, आणि तेव्हा कुणी ‘थांब’ म्हणेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा पिढ्यांच्या वाड्या एका दुपारीत झोपल्या. रस्ते, कौलं, विजेचे खांब, सगळ्यावर झाडं. त्या दिवसांत किती जण बर्मुडा आणि स्लिपर घालून कटर चालवताना दिसले! एकजण तर शिडीवर चढून, एका हाताने, डोक्याच्या वर. वीज नाही म्हणून लोंबणारी तार निर्धास्त बाजूला सारणारेही होते. कुणाच्या तरी घरातला जनरेटर त्याच तारेत उलटी वीज सोडू शकतो, हे कुणाच्या मनातही येत नव्हतं. साखळीला जळकं ऑइल घालायची रीतही पडली आहे. ते शेवटी आपल्याच आगरात मुरतं.

तेव्हा यंदा कटर घेणार असाल तर त्याच्याबरोबर जाळीचं हेल्मेट, कानांवरची झाकणं, जाड बूट आणि साखळीपासून वाचवणारी खास पँट घ्या. तिच्या आतले लांब धागे साखळीत गुंततात आणि साखळी जागीच अडते. दोन्ही हातांनी धरा, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून घ्या, खांद्याच्या वर नेऊ नका. पाऊल हलवण्याआधी साखळीचा ब्रेक लावा. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्या आणि भरल्यावर चार पावलं लांब जाऊन सुरू करा. तारेखालच्या झाडाला वीजमंडळाचा माणूस आल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस नसेल, तर त्या दिवशी झाड पडलंय तिथंच पडू द्या.