मेंढ्यांच्या पैशातून उभी राहिलेली गावं

ऑक्सफर्डहून ए-४० रस्त्याने पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्या सुरू होतात. घरं, शेतांच्या भिंती, चर्च, सगळं एकाच मधाळ पिवळ्या चुनखडीचं. दगड इथल्याच जमिनीतला. बांधकामाचा पैसा मात्र मेंढ्यांनी दिला. मध्ययुगात इथली लोकर फ्लँडर्स आणि इटलीपर्यंत जायची. आमच्या दिवसभराच्या भटकंतीत ती श्रीमंती गावोगावी भेटत राहिली.

बर्फर्डचा मुख्य रस्ता उतारावरून थेट विंडरश नदीच्या जुन्या पुलाशी पोचतो. पर्यटक दुकानांत रमतात, पण या गावात आधी चर्च पाहावं. १६४९ च्या मे महिन्यात संसदेच्या फौजेचा सेनानी क्रॉमवेल याने आपल्याच फौजेतले सुमारे ३४० बंडखोर शिपाई इथे कोंडले होते. थकलेला पगार मिळाल्याशिवाय आयर्लंडच्या मोहिमेवर जाणार नाही, असं ते म्हणत होते आणि त्यांच्यापैकी अनेकांवर समतावादी ‘लेव्हलर्स’च्या विचारांचा प्रभाव होता. १७ मे रोजी तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घालण्यात आल्या. बाप्तिस्म्याच्या कुंडाला आतून शिशाचा पत्रा आहे. त्यावर अँथनी सेडली या कैद्याने स्वतःचं नाव, साल आणि ‘कैदी’ एवढंच कोरलंय. याच चर्चमध्ये सर लॉरेन्स टॅनफील्ड या न्यायाधीशाची भपकेदार समाधी आहे, पण आमचे पाय खिळले ते त्या वाकड्यातिकड्या अक्षरांपाशी.

बायबरीत कॉल्न नदीकाठी आर्लिंग्टन रो ही बैठ्या घरांची रांग आहे. चौदाव्या शतकात हे लोकरीचं कोठार होतं. सतराव्या शतकात त्यात विणकरांची बिऱ्हाडं थाटली गेली. घरांत आजही भाडेकरू राहतात. तेव्हा फोटो जरूर काढावेत, पण खिडक्यांतून डोकावू नये.

नॉर्थलीचच्या चर्चमध्ये हिशेब आणखी उघड दिसतो. १४५८ मध्ये वारलेला लोकरीचा व्यापारी जॉन फोर्टी इथल्या पितळी स्मृतिपट्टावर एक पाय मेंढीवर आणि दुसरा लोकरीच्या गठ्ठ्यावर ठेवून उभा आहे. आपण कशावर मोठे झालो, हे त्याने मेल्यावरही लपवलं नाही.

पुढे कापडधंदा यॉर्कशायरच्या गिरण्यांकडे गेला आणि इथली भरभराट ओसरली. नवं बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनं पाडलं गेलं नाही. आज जे सौंदर्य पाहायला जग लोटतं, ते टिकलं यात त्या पडत्या काळाचा मोठा वाटा आहे.

नॉर्थलीचहून फॉस वे या रोमनांच्या सरळसोट रस्त्याने उत्तरेला गेलं की स्टो-ऑन-द-वोल्डच्या आसपास आणखी एक पैसा भेटतो, हिंदुस्थानातला. सीझिनकोट हा हिरव्यागार तांब्याच्या घुमटाचा मुघल धाटणीचा वाडा १८०५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने रचला. बागेतल्या पुलावर चक्क नंदी बसलेत. याच वास्तुविशारदाने त्याआधी जवळच्या डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्जचं घर बांधलं होतं. मराठ्यांशी पहिलं युद्ध आणि १७८२ चा सालबाईचा तह झाला, तेव्हा हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल होता. पेशवाई बुडाली त्याच साली, १८१८ मध्ये, तो डेल्सफर्डला वारला. मराठी माणसाने ही घरं बघताना दगडाच्या रंगावर भुलून एवढ्यावर थांबू नये. पैशाचा माग काढत आपल्या बाजूच्या इतिहासापर्यंत यावं.

चिपिंग कॅम्पडनला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. भर रस्त्यातला १६२७ चा कमानदार बाजारमंडप पाहून आम्ही शेजारच्या ब्रॉड कॅम्पडनकडे वळलो. लंडनच्या ईस्ट एंडमधले कारागीर घेऊन हस्तकलांचा पुरस्कर्ता वास्तुविशारद सी. आर. ॲशबी १९०२ मध्ये कॅम्पडनला आला होता. त्याने ब्रॉड कॅम्पडनमधलं एक पडीक नॉर्मन प्रार्थनागृह दुरुस्त करून त्याचं घर केलं, ते कलाइतिहासकार आनंद कुमारस्वामींसाठी. सिंहली कलेवरचा त्यांचा ग्रंथ १९०८ मध्ये इथेच छापून पूर्ण झाला, तोही हस्तकलांचा पुरस्कर्ता विल्यम मॉरिस याच्या केल्म्स्कॉट प्रेस या छापखान्याकडून आलेल्या हातयंत्रावर.