सहा न्यूटन मीटर

मी मेकॅनिकलचा आहे. म्हणजे डिग्री मेकॅनिकलची, पगार जावास्क्रिप्टचा. मशीन डिझाइनच्या पेपरात बोल्टवर एक प्रश्न हमखास यायचा आणि मी तो न चुकता सोडवायचो. स्वतःच्या हाताने इंजिनाचा पहिला बोल्ट आवळला तो मात्र वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि पहिल्याच दणक्यात आटे घालवले.

गाडी पप्पांची. १९९३ ची आरएक्स १००. साखर कारखान्यात फिटर होते तेव्हा घेतलेली. ही काही जन्मजात ट्रेल गाडी नाही. यामाहाची तशी गाडी म्हणजे १९६८ ची डीटी-१, अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक. ती आपल्याला कोण देणार? म्हणून मी आणि बारक्याने घरच्याच आरएक्सला बटन टायर टाकले, पुढचं मडगार्ड उचललं आणि चाळकेवाडीच्या सड्यावर, पवनचक्क्यांमधल्या कच्च्या वाटांवर न्यायला लागलो. शंभर किलोच्या आसपासची गाडी, जांभ्यावरून अशी उड्या मारत जाते की हसायलाच येतं. घरी आलं की काहीतरी ढिलं झालेलं असायचं. आज आरसा, उद्या सायलेन्सर.

क्लच प्लेटा बदलायला इंजिनाचं कव्हर खोललं तेव्हाची गोष्ट. त्याचे जुने स्टार स्क्रू मी आपल्या साध्या स्क्रू ड्रायव्हरने आधीच गोल करून ठेवले होते. (जपानी स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या फिलिप्सपेक्षा वेगळी असते. डोक्यावर बारीक टिंब असेल तर जपानी ड्रायव्हरच घ्या. हे मला सहा स्क्रू मेल्यावर कळलं.) त्यांच्या जागी सहा एमएमचे अ‍ॅलन बोल्ट आणले आणि 'शास्त्रशुद्ध' करायचं म्हणून ऑनलाइन टॉर्क रेंच मागवला. रेंज २८ ते २१० न्यूटन मीटर. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये सर्वसाधारण तक्ता असतो: सहा एमएमच्या बोल्टला ६ न्यूटन मीटर, आठला १५, दहाला ३०. मी रेंच २८ च्याही खाली, जिथे आकडेच संपतात तिथे फिरवून ठेवला आणि 'टक्' आवाजाची वाट बघत बसलो. टक् आलंच नाही. बोल्ट एकदम हलका झाला. बाहेर काढला तर आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची चमकती तार गुंडाळलेली. ते केसिंगचे आटे होते.

पप्पा मागे चहा घेऊन उभे. म्हणाले, "अरं, आवळतोयस का पिळतोयस?"

६ न्यूटन मीटर म्हणजे किती, हे मी कधी हाताने बघितलंच नव्हतं. पंधरा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला चार किलोचा जोर, बस. धडधाकट माणूस त्याच पान्यावर वीस किलो सहज लावतो, म्हणजे पाचपट. आणि तेवढ्या किरकोळ जोरातून काय मिळतं बघा. पेपरातलं सूत्र सांगतं की साधारण ०.२ टॉर्क गुणांक (नट फॅक्टर) धरला तर सहा एमएमचा बोल्ट त्या ६ न्यूटन मीटरमध्ये ५००० न्यूटनने, म्हणजे जवळपास पाचशे किलोने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. बोल्ट म्हणजे अतिशय कडक स्प्रिंग. आपण ती किंचित ताणतो आणि ती परत आखडायला बघते, त्यावर सगळं टिकतं. पान्यावर लावलेल्या जोरातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग डोक्याखालचं आणि आट्यांतलं घर्षण खाऊन टाकतं. म्हणून तर आट्यांना तेल लागलं की घोळ होतो. घर्षण कमी, त्यामुळे तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअल कोरडे आटे म्हणत असेल तर कोरडेच हवेत. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्क मिळाले होते.

लेथवाल्याकडून हेलिकॉइल बसवून घेतली. मग छोटा रेंच आणला, ५ ते २५ चा. पप्पांना तो खेळण्यासारखा वाटला. दहाच्या पान्याला ते तीन बोटं लावतात, पाना डोक्याजवळ धरून. बाराच्या पान्याला मूठ. मी त्यांच्या हातचे दहा बोल्ट मोजून बघितले. सगळे साडेपाच ते सातमध्ये. माझे, डोळे मिटून, चार ते अकरा. तेव्हापासून मी रेंच वापरतो आणि ते मला चिडवतात. दोघांचंही बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. तीस वर्षं फिटर नसाल तर रेंच घ्या.

टू-स्ट्रोकला ढिलं राहिलेलं जास्त महागात पडतं. तिचं क्रँककेस हा हवा-पेट्रोल आत ओढायचाच भाग असतो. कार्बोरेटरचा मॅनिफोल्ड किंवा ब्लॉकखालचं पॅकिंग जरा जरी सुटलं तरी तिथून फुकटची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एक दिवस पिस्टन चिकटतो. हेडचे नट तर मी तीन फेऱ्यांत, समोरासमोरचे असे आवळायचो. एकदा गाडी तापवून, पूर्ण गार करून, परत तपासायचो. प्रत्येक नटावर पांढऱ्या नेलपॉलिशची रेघ, नटावरून केसिंगपर्यंत. रेघ तुटली की नट हलला.

एवढं सगळं करणारा मी मागच्या ब्रेकच्या दांडीची स्प्लिट पिन लावायला विसरलो.

मागच्या ड्रमची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून एक दांडी तिला चौकटीशी बांधून ठेवते. तिच्या नटाला पिन असते, कारण तो नट पडला तर ब्रेक मारताक्षणी प्लेटच गरकन फिरते. मी चाक काढून बसवलं, नट बरोब्बर टॉर्कला आवळला, रेघ मारली. तेवढ्यात ऑफिसची मीटिंग लागली. पिन स्टीलच्या वाटीत राहिली. रविवारी बारका एकटाच गाडी घेऊन गेला. ठोसेघरच्या उतारावर मागचं चाक जाम झालं.

फोन आला तेव्हा मी अंगणातच होतो आणि वाटी समोर होती. पिन दिसली. बारक्याला नेमकं किती लागलंय हे कळायच्या आधीच मला काय झालंय ते माहीत होतं.

गळपट्टीचं हाड. ऑपरेशन करून प्लेट बसवली. एक्स-रे उजेडाकडे धरून पप्पा बराच वेळ बघत होते. "सहा स्क्रू," ते म्हणाले. "सारखे बसवलेत." डॉक्टरांनी सांगितलं, यासाठीही ठरावीक जोराला सुटणारा ड्रायव्हर असतो. बारका भुलीतून अर्धवट उठला होता. म्हणाला, "दाद्या, ह्यांना पिन लावली का विचार."

मी हसलो नाही. त्याला मी तेव्हाच सांगितलं नव्हतं. तीन दिवसांनी सांगितलं. तो म्हणाला, "माहितीय. वाटी मी बघितली होती सकाळी. वाटलं, जास्तीची असेल."

गाडी आता परत चालू आहे. बारका किक मारायच्या आधी खाली वाकतो, मागच्या चाकापाशी बोट नेऊन पिनची दोन्ही टोकं वळलेली आहेत का ते चाचपतो. मी समोर उभा असलो तरी.