अडीच तास नि अख्खी रात

"झिल मस्कताहून मुंबईक येवक अडीच तास, नि थयसून घराक येवक अख्खी रात!" तारकर्लीत मासे वाढता वाढता घरच्या काकी सहज बोलून गेल्या आणि माझं जेवणातलं लक्ष उडालं. मुंबई-मस्कत हवाई अंतर 1,600 किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून तारकर्ली रस्त्याने 500. लांब कोण, हे नकाशाने सांगू नये.

माझ्या आजीची मुंबई बोटीची. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरं घेत मालवणात यायची ती रात्र उलटल्यावर. मालवणचं बंदर खडकांचं, म्हणून बोट बाहेरच नांगर टाकायची आणि काळोखात पडाव तिच्या अंगाला येऊन भिडायचे. लाटेवर पडाव वर आला की त्याच क्षणी उतरायचं. पाऊल रेंगाळलं की मधे हातभर काळं पाणी. आधी पोर खाली द्यायचं, मग ट्रंक, मग आपण. खालून झेलणाऱ्या खलाशाचा हात ओला, खरखरीत आणि विलक्षण घट्ट असायचा, असं आजी सांगायची. त्याचा चेहरा तिने कधी पाहिला नाही, पण तो हात तिला म्हातारपणीही आठवत होता. कपड्यांना कोळशाचा नि उलटीचा वास, डोकं गरगरतंय, आणि समोर माडांची काळी रेघ. पावसाळ्यात बोट बंद. मग घाट चढून कोल्हापूरमार्गे वळसा. तीच मुंबई जूनमध्ये लांब जायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा जवळ यायची.

26 जानेवारी 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि कुडाळ स्टेशनामुळे मुंबई एका झोपेवर आली. 9 ऑक्टोबर 2021 ला कर्ली नदीपलीकडे चिपीच्या सड्यावर विमानतळही सुरू झाला.

मस्कतचं अंतरही असंच बदलत गेलं. गलबतांच्या काळात ते वाऱ्याच्या मर्जीवर होतं. एक मोसमी वारा जायला, दुसरा यायला. हुकला की पुढच्या हंगामापर्यंत बंदरातच मुक्काम.

समुद्राने मात्र आपली चाल बदललेली नाही. हिवाळ्यात अरबस्तानाकडे शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटतो, आणि त्याने उठवलेल्या लाटा आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतात. आठ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा जोर खोल पाण्यात ताशी बावीसेक किलोमीटरने सरकतो; म्हणजे ओमानहून इथवर तीन-साडेतीन दिवस. मला हा वेग मनापासून आवडतो. परदेशातून परतणाऱ्या माणसाला एवढा तरी अवधी मिळावा. शरीर विमानाने येतं. कामाच्या पाळ्या, उन्हाळा, परकी भाषा हे सगळं अंगावरून उतरायला दिवस लागतात. म्हणूनच या किनाऱ्यावर बंदर-बंदर घेत जाणारी संथ प्रवासी बोट पुन्हा हवी, असं मला वाटतं. ज्यांना घाई आहे, त्यांच्यासाठी विमानं आहेतच.