कृतीचे वर्णन कुणी करायचे?

सामाजिक शास्त्रांच्या तत्त्वज्ञानाचा मूळ प्रश्न वरकरणी साधा आहे: माणसांनी जे केले ते नेमके काय केले, हे कसे ठरवायचे? दगड खाली पडला हे सांगताना दगडाचे मत विचारात घ्यावे लागत नाही. माणूस मात्र आपण काय करतो आहोत ते स्वतः जाणतो, त्याला नाव देतो आणि शेजारी त्याच कृतीला दुसरे नाव देत असेल तर भांडतोही. अभ्यासकाच्या हाती येणारी सामाजिक वस्तुस्थिती आधीच कुणाच्या तरी शब्दांत बांधलेली असते. त्यामुळे या शाखेला भाषेच्या तत्त्वज्ञानापासून वेगळे काढता येत नाही, आणि जो या विषयात आयुष्य घालवतो त्याला दोन्हींकडे सारखेच लक्ष द्यावे लागते.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन या गावाने हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे जिवंत ठेवला आहे. येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची काळी मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. मूर्ती दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही जैन पंथांची. दोघे त्याच तीर्थंकराला वंदन करतात, पण वंदनाची रीत वेगळी. दिगंबरांच्या दृष्टीने तीर्थंकराची मूर्ती निर्वस्त्र व निराभरण असली पाहिजे. श्वेतांबरांच्या रीतीत मूर्तीला नेत्र, तिलक आणि आंगी चढते. १९०५ मध्ये दोन्ही पंथांनी पूजेच्या पाळ्यांचे वेळापत्रक ठरवून घेतले. पुढे मूर्तीला लेप दिला गेला. त्या लेपात कटिसूत्र (कमरेचा गोफ) आणि कच्छ (लंगोट) यांच्या खुणा होत्या, आणि वाद पेटला तो तिथे. अकोल्याच्या न्यायालयातून निघालेला दावा १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. व्यवस्थापन श्वेतांबरांकडे राहिले आणि दिगंबरांचा वेळापत्रकाप्रमाणे पूजा करण्याचा हक्क कायम झाला. तरीही तंटा मिटला नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले आणि भाविक बंद दारातल्या लहानशा झरोक्यातून दर्शन घेऊ लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेपाला परवानगी दिली आणि मार्चमध्ये, ४२ वर्षांनी, दार उघडले.

या हकीकतीत कोण बरोबर हे ठरवणे तत्त्वज्ञाचे काम नव्हे. त्याचे लक्ष लेप लावणाऱ्या हाताकडे जाते. एक हात मूर्तीवर लेप फिरवतो आहे. डोळ्यांना दिसणारी हालचाल एवढीच. एका पंथाच्या लेखी हे जीर्ण होत चाललेल्या मूर्तीचे रक्षण आणि भक्ताचे नेहमीचे कर्तव्य आहे. दुसऱ्या पंथाच्या लेखी हे मूर्तीचे रूप पालटणे आहे, म्हणजे जे पूज्य आहे तेच नाहीसे करणे आहे. हालचालीचे कितीही बारकाईने चित्रण केले, तरी यांतले कुठले घडले ते त्या चित्रणातून कळणार नाही. न्यायालयाने तिसरी भाषा आणली: वहिवाट, व्यवस्थापनाचा अधिकार, पूजेचा हक्क. त्या भाषेत निकाल देता येतो. पण लेपाचा भक्ताला लागणारा अर्थ तिच्यात मावत नाही. निकाल लागूनही भांडण का उरते, याचे एक कारण इथे सापडते.

पाश्चात्त्य विद्यापीठांत हा मुद्दा सर्वांत ठामपणे मांडला तो पीटर विंच या ब्रिटिश तत्त्वज्ञाने. त्याचे सामाजिक शास्त्राच्या कल्पनेवरचे छोटे पुस्तक १९५८ मध्ये निघाले. त्याच्या पाच वर्षे आधी विट्गेन्श्टाइनचे उत्तरकालीन मुख्य लेखन मरणोत्तर प्रसिद्ध झाले होते आणि विंचने त्याचाच आधार घेतला. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात, वापर नियमांत, आणि नियम एखाद्या समाजाच्या जगण्याच्या रीतीत रुजलेले, अशी ती मांडणी. मग सामाजिक कृती समजून घेणे म्हणजे तो नियम समजून घेणे. मतदान, लग्न, नैवेद्य या गोष्टी करणाऱ्यांच्या संकल्पना बाजूला ठेवल्या, तर मोजायला काही उरतच नाही. माक्स वेबरने अर्थपूर्ण कृतीच्या आकलनाला समाजशास्त्रात मध्यवर्ती स्थान दिले होते. विंचने त्याच आकलनाला भाषेचा पाया दिला.

विंचच्या मांडणीची ताकद शिरपुरात दिसते, तशी तिची उणीवही. विंच गृहीत धरतो की अभ्यासकासमोर एक समाज आहे आणि त्याचा नियम एक आहे. शिरपुरात एकाच गाभाऱ्यात दोन नियम नांदतात, तेही एकमेकांना पुरते ओळखून. दिगंबराला श्वेतांबराचा नियम परका नाही, नीट ठाऊक आहे; म्हणूनच तो त्याला खुपतो. त्यामुळे ‘आतून समजून घ्या’ हा सल्ला अपुरा ठरतो. कुणाच्या आतून, हे आधी सांगावे लागते. भारतातील समाजाचा अभ्यास करणाऱ्याला हा पेच पहिल्याच पायरीवर भेटतो. याच कारणाने या विषयाची भारतीय मांडणी केवळ पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांवर भागवता येत नाही.

ज्या परंपरेतले हे दोन्ही पंथ, तिच्याकडे या पेचासाठी स्वतःची साधने आहेत, हे अभ्यासकांनी पुरेसे ध्यानात घेतलेले नाही. जैन तर्कशास्त्रातील नयवाद म्हणजे एखादी वस्तू कोणत्या अंगाने सांगितली जात आहे याची शिस्तबद्ध मांडणी. प्रचलित सात नयांपैकी शेवटचे तीन थेट शब्दांबद्दल आहेत. शब्दनय काळ, लिंग, वचन बदलले की अर्थही बदलतो असे मानतो. समभिरूढनय समानार्थी समजले जाणारे शब्दही वेगळे धरतो: इंद्र, शक्र आणि पुरंदर ही नावे एकाच देवाची असली तरी प्रत्येकाचा अर्थ निराळा. एवंभूतनय त्याही पुढे जातो. त्याच्या मते पूजा चालू असतानाच माणूस पुजारी, एरवी नाही. या तीन पायऱ्यांवर लेपाचा वाद ठेवून पाहिला तर भांडण कोणत्या पातळीवर आहे ते स्वच्छ दिसू लागते. दोन्ही बाजू एका मूर्तीबद्दल बोलत असतात. मात्र मूर्ती कशामुळे पूज्य ठरते, हे दोघांसाठी वेगळे असते. नयवादाने तंटा सुटत नाही, पण एक बाजू खोटे बोलते आहे हा घाईचा निष्कर्ष तरी टळतो.

वर्णन आणि वर्णिलेला यांच्या नात्याला आणखी एक पदर आहे. कॅनडाचा तत्त्वज्ञ इयन हॅकिंग याने दाखवले की माणसांचे वर्गीकरण माणसांना बदलते आणि बदललेली माणसे वर्गीकरणाला बदलायला लावतात. शिरगणतीच्या तक्त्यात काय लिहावे, यावर भारतातल्या अनेक समाजांत चर्चा झाल्या. जैनांतही हिंदू लिहावे की जैन, हा प्रश्न येत राहिला. जानेवारी २०१४ मध्ये जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. नोंद बदलली की शिष्यवृत्तीचे अर्ज, शिक्षणसंस्थांचे हक्क, कुटुंबातल्या मुलांना आपण कोण हे सांगण्याची रीत, सगळ्यांवर परिणाम होतो. दगडांचे वर्गीकरण केल्याने दगड असे काही करत नाहीत.

महाराष्ट्रात सामाजिक शास्त्रांच्या तत्त्वज्ञानाचा आरंभ तत्त्वज्ञानाच्या वर्गात झालाच नाही. तो जातीच्या व्याख्येच्या वादात झाला. अमरावतीत शिकलेले श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९०९ मध्ये त्यांचा भारतातील जातींच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. पुढे ज्ञानकोशकार म्हणून त्यांची ओळख इतकी मोठी झाली की हा ग्रंथ मागे पडला. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. वय २५. निबंधाच्या सुरुवातीला त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिझली आणि केतकर या चौघांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. जात सुटी घेऊन समजत नाही, ती जातींच्या व्यवस्थेतच समजते, हे केतकरांनी ओळखले याचे श्रेय त्यांनी दिले. मग स्वतःचा निकष पुढे केला: जातीअंतर्गत विवाह हे जातीचे गमक. बाकीची लक्षणे त्यातून कशी निघतात, हे त्यांनी क्रमाने दाखवले. व्याख्येत काय गाभा आणि काय आनुषंगिक, हे ठरवण्याची ही पद्धत आजही वर्गात शिकवावी इतकी नेटकी आहे. राज्यशास्त्र व समाजशास्त्राचे विद्यार्थी हा निबंध वाचतात. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमांतही त्याला हक्काची जागा मिळायला हवी.

त्या निबंधानंतर ८६ वर्षांनी, २००२ मध्ये, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त गोपाळ गुरू यांचा लेख आला. भारतातील सामाजिक शास्त्रे कितपत समतावादी आहेत, हा त्याचा प्रश्न. ज्ञानाच्या व्यवहारातही वर्णव्यवस्था आहे, असे गुरूंचे म्हणणे होते: सिद्धांत मांडणारे वरच्या पायरीवर आणि माहिती गोळा करून देणारे खालच्या. दलित अभ्यासकाकडून अनुभव, आत्मकथन, आकडेवारी यांची अपेक्षा होते. त्या अनुभवाचा सिद्धांत दुसरेच कुणी रचते. म्हणून दलितांनी स्वतः सिद्धांताकडे वळणे ही बौद्धिक चैन नसून नैतिक गरज आहे, असा त्यांचा आग्रह होता. मराठी वाचकाने हा लेख दलित आत्मकथनांच्या शेजारी ठेवून वाचावा. मराठीने आत्मकथनाला मोठा मान दिला. त्यावरचा सिद्धांत कुणी आणि कोणत्या भाषेत लिहिला, हा हिशेब अजून व्हायचा आहे.

सुंदर सरुक्काई यांनी २००७ मध्ये या लेखाला तात्त्विक उत्तर दिले. जगलेल्या अनुभवाचे वेगळेपण कशात आहे, हे त्यांनी नेमके सांगितले: ज्याला तो अनुभव जगावा लागतो, त्याला त्यातून बाहेर पडण्याची मुभा नसते. एखादा अभ्यासक वस्तीत महिनाभर राहील, अंगावर काढील, पण परतीचा रस्ता त्याच्यासाठी खुला असतो. अनुभवाचा धनी कोण आणि त्याचा लेखक कोण, हे दोन प्रश्न त्यामुळे वेगळे होतात. दोघांचा हा संवाद २०१२ मध्ये ‘द क्रॅक्ड मिरर’ या पुस्तकात एकत्र आला. अनुभव, जात आणि रोजचे सामाजिक जगणे यांवरचे दुसरे पुस्तक २०१९ मध्ये आले. दोघे सगळीकडे सहमत नाहीत, आणि या पुस्तकांचे मोल त्यातच आहे. भारतीय सामाजिक शास्त्रांच्या तत्त्वज्ञानात आपल्या प्रश्नावर, आपल्या उदाहरणांनी, इतका दीर्घकाळ चाललेला दुसरा वाद दाखवणे कठीण. गुरू दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पुढे त्याच साप्ताहिकाचे संपादक झाले. तत्त्वज्ञानाचे काम तत्त्वज्ञान विभागाबाहेर कसे घडते, याचे हे ठळक उदाहरण.

विभागांचा इतिहासही लहान नाही. प्रताप शेठ यांच्या देणगीतून १९१६ मध्ये खानदेशात अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. विचारांतील स्वराज्याची कल्पना मांडणारे कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ तिथे संचालक होते. नागपूरचे सुरेंद्र बारलिंगे पुणे विद्यापीठात आले आणि १९७३ मध्ये तिथून ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ सुरू झाले. विभागाचे मराठी ‘परामर्श’ हेही त्याच परिसरातले. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात दि. य. देशपांडे यांनी तत्त्वज्ञान शिकवले आणि १९९० मध्ये नागपुरातून ‘आजचा सुधारक’ मासिक काढले. आधुनिक विश्लेषक तत्त्वज्ञान वऱ्हाडातल्या वाचकापर्यंत मराठीत पोचवण्याचे त्यांचे काम मोठे आहे.

भाषेच्या अंगाने सर्वांत धाडसी प्रयोग मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण यांनी १९८३ मध्ये पुण्यात केला. विधान म्हणजे काय, याबद्दलचे बर्ट्रांड रसेलचे विचार संस्कृतात मांडून न्यायदर्शनाच्या पंडितांपुढे ठेवले गेले आणि त्यांना विचारले गेले: हे बरोबर आहे का, नसेल तर चूक कुठे? पंडितांना जुन्या ग्रंथांचा अर्थ सांगण्यासाठी बोलावले नव्हते; समकालीन तत्त्वज्ञ म्हणून बोलावले होते. माहिती देणारा आणि सिद्धांत मांडणारा ही विभागणी इथे जाणूनबुजून मोडली. एकोणीस वर्षांनी गुरूंनी वेगळ्या समाजाच्या बाजूने मांडलेली तक्रार आणि हा प्रयोग एकत्र ठेवले की एकच प्रश्न दोन टोकांकडून दिसतो. या चर्चेचे ‘संवाद’ हे पुस्तक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज शिरपूरसारख्या गावातून या विषयाकडे येणाऱ्या विद्यार्थ्याची वाट साधारण अशी असते. पदवी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतल्या महाविद्यालयात, एम.ए. नागपूर किंवा पुण्याला, मग नेट किंवा सेट, मग पीएच.डी. सेटची परीक्षा मराठीतही देता येते. प्रबंधाचे वाचन मात्र जवळजवळ सगळे इंग्रजीत. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ मध्ये आणि भारतीय दर्शन अनुसंधान परिषद त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाली. अधिछात्रवृत्त्या प्रामुख्याने तिथून मिळतात. सामाजिक शास्त्रांच्या तत्त्वज्ञानाला स्वतंत्र जागा जाहिरातीत क्वचित दिसते. विद्यार्थी तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवण्यासाठी नेमला जातो, आपला विषय फावल्या वेळात जोपासतो, आणि समाजशास्त्र विभागाच्या चर्चासत्रात निबंध वाचतो. तिथे त्याला सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीतला एक शब्द घेऊन विचारता येते की उत्तर देणाऱ्या बाईने त्या शब्दाचा अर्थ काय घेतला असेल. बऱ्याचदा चर्चासत्रातला तोच सर्वांत कामाचा प्रश्न ठरतो.

परिभाषेची सोय पूर्वीच्या पिढीने करून ठेवली आहे. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ १९७४ चा आहे. भाषा संचालनालयाचा तत्त्वज्ञान व तर्कशास्त्राचा परिभाषा कोशही उपलब्ध आहे. कोश आहेत, नियतकालिकांची परंपरा आहे, प्रश्न तर गावोगाव आहेत. उणीव आहे ती शिरपूरच्या वादासारखे एखादे प्रकरण घेऊन, न्यायालयाचे निकाल, दोन्ही पंथांची कागदपत्रे आणि नयवादाचे ग्रंथ एकत्र वाचून लिहिलेल्या मराठी प्रबंधाची.