पंधराव्या अध्यायानंतर सोळावा

प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला इसवी सन ५५च्या सुमारास एक लांबलचक पत्र लिहिले. त्याच्या पंधराव्या अध्यायात मरण, पुनरुत्थान आणि अखेरचा दिवस यांवर ख्रिस्ती परंपरेतले सर्वांत समर्थ चिंतन आहे. तिथे पौल थेट मरणालाच आव्हान देतो, इतकी त्याची वाणी चढते. आणि मग, दम घ्यायलाही न थांबता, तो वर्गणीवर येतो. यरुशलेमातल्या गरजूंसाठी प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीतून काही बाजूला काढून ठेवावे, असे सांगतो. आज हा मजकूर सोळावा अध्याय म्हणून वेगळा छापला जातो. पण बायबलच्या अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकातली. पौलाच्या पत्रात मध्ये भिंत नव्हती.

ख्रिस्ती ईश्वरविज्ञानातला ‘अंतिम गोष्टी’ हा विषय मी शिकवतो: मरण, न्याय, पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन. या साऱ्याचे मर्म मला त्या दोन अध्यायांच्या सांध्यात दिसते.

आमच्या मंडळ्यांतही पुष्कळांची समजूत अशी की शरीर इथेच टाकायचे, आत्मा वर जायचा आणि पृथ्वी कधीतरी जळून खाक व्हायची. तसे असेल तर या जमिनीची, या पाण्याची, या शेजाऱ्याची काळजी कशाला? पण ख्रिस्ती विश्वासाचे मूळ म्हणणे ते नाहीच. ३२५ साली निकेया येथे आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे आकाराला आलेला मतांगीकार, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, आजही जगभर उपासनेत म्हटला जातो. त्याच्या अखेरीस आत्म्याच्या अमरत्वाचा उल्लेख नाही, मृतांच्या पुनरुत्थानाची आस आहे. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीस माणसे वर चढत नाहीत. पवित्र नगरी खाली उतरते, देव माणसांत वस्तीला येतो आणि राष्ट्रांचे वैभव त्या नगरीत आणले जाते. म्हणजे इथे खपून घडवलेले चांगले काही तिथे परके ठरत नाही. आणि देवाला देहही हवा असेल, तर उपाशी माणसाची भूक ही दुय्यम बाब राहत नाही.

परलोकाच्या आशेने माणूस इथे सुस्तावतो, हा आक्षेप जुना आहे. कार्ल मार्क्सने धर्माला अफू म्हटले, ते १८४४ साली छापून आले. तो आक्षेप मी हलक्यावारी नेत नाही. मालकाचे ऐका, स्वर्गात फळ मिळेल, असे अमेरिकेतल्या गुलामांना पुलपिटावरून सांगितले गेले आणि ते पाप होते. पण ज्यांनी ही आशा पुरती अंगात भिनवली ते कसे वागले, हेही पाहायला हवे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियात मोठी साथ आली. तिथला बिशप दिओनिसियस याचे पत्र युसेबियस या इतिहासकाराने जपून ठेवले आहे. ख्रिस्ती लोकांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मेलेल्यांना धुऊन पुरले, आणि त्यातच कित्येक जण स्वतः गेले, असे तो लिहितो. आपल्याच माणसांविषयी लिहिताना थोडी अतिशयोक्ती होते, हे धरून चालू. सम्राट ज्युलियनची साक्ष मात्र विरोधकाची आहे. जुन्या देवांची पूजा पुन्हा रुजवू पाहणाऱ्या या सम्राटाने ३६२च्या सुमारास गलतियातल्या एका मुख्य पुजाऱ्याला कळवले, की परक्यांची सेवा आणि मृतांची नीट मूठमाती यांमुळे हा ख्रिस्ती पंथ फोफावतो आहे, तेव्हा आपणही धर्मशाळा उघडाव्यात. देह पुन्हा उठणार असे मानणाऱ्यांना परक्याचे प्रेतही टाकून देववत नव्हते.

या आशेत शोकाला मनाई नाही. ‘रडू नका, तो प्रभूकडे गेला,’ असे अंत्यविधीत आईला सांगणारे पाळक मला सहन होत नाहीत. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते.

पंडिता रमाबाईंच्या अखेरच्या वर्षाकडे मी याच नजरेने पाहतो. १८७४च्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमारीने मोडलेल्या मुलींना आणून त्यांनी केडगावला आसरा दिला, तिथे मुक्ती मिशन उभे राहिले. विहिरी, शेती, शिवण, छापखाना, सगळे त्या आवारात. त्याच व्यापात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मराठीत आणायला बसल्या. गावच्या, कमी शिकलेल्या बाईलाही ते वाचून कळावे, हा त्यांचा हट्ट होता. ऐकू येणे कमी होत गेले, प्रकृती खालावत गेली. जुलै १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. संस्थेची धुरा तिच्या हाती द्यायची होती. स्वर्गात भेट होईल, एवढीच आशा धरणाऱ्या बाईने तिथे लेखणी खाली ठेवली असती, तर कोणी दोष दिला नसता. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. एकेक शब्द, एकेक काना-मात्रा. अनंतकाळावर श्रद्धा असलेल्या बाईला मुद्रितातली चूक क्षुल्लक वाटली नाही, आणि माझ्या मते त्या श्रद्धेमुळेच वाटली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले होते.