ताईचा शुक्र

आमच्या भोरकडे दगडांना तोटा नाही. वेल्ह्याकडे तर दगडांतच थोडी माती सापडते. तोरणा म्हणजे मुळी सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतल्या गारगोट्या खिशात भरून आम्ही लहानपणी खिसे फाडून घेतले. अशा मुलखात दिलेल्या माझ्या ताईला ज्योतिषानं दगड विकत घ्यायला सांगावा, म्हणजे कमालच! भाचीचं लग्न जमेना. "शुक्र दुबळा आहे, ओपल घाला."

ताईनं इंद्रायणीची दोन पोती विकली आणि मला म्हणाली, "बाळ्या, तू शिकलेला. पुण्याला चल."

वास्तविक नवरत्नांत ओपल नाहीच. शुक्राचा मान हिऱ्याचा. ओपल हा हिरा न परवडणाऱ्यांचा शुक्र. नाव आपल्याच 'उपल' शब्दावरून गेलं म्हणतात, आणि उपल म्हणजे नुसता दगड! हे सांगितलं तर ताई म्हणाली, "तुझ्या जिभेला काही हाड?"

शेठजींनी मखमलीवर खडा ठेवला. हलवला की आत हिरवं, तांबडं, निळं, मोरपीसच! गंमत म्हणजे हा रंग कुणी भरलेला नसतो. सिलिकाच्या अतिसूक्ष्म गोळ्या ओळीनं रचलेल्या असतात आणि उजेड त्यांच्यातून फुटून येतो. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी हे उलगडलं. मी खडा आडवा धरला. कडेला दोन सरळ रेघा! खाली काळा थर, मध्ये ओपलचा पापुद्रा, वर काच. ह्याला ट्रिप्लेट म्हणतात. पाण्यात राहिला की थर सुटू लागतात.

"शेठजी, हे सँडविच आहे."

"मग भावही सँडविचचाच लावू," शेठजी जराही न लाजता म्हणाले.

शेवटी अखंड ओपल पसंत केला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. पैसे मोजताना ताईचा हात थरथरत होता. शेठजींनी पथ्यं सांगितली, बाळंतिणीची बरी! ऊन नको, चुलीची धग नको. ह्याच्या अंगात शेकडा ३ ते १० पाणी असतं, सुकलं की तडा जायचा. काठिण्य सहाच्या आसपास आणि धुळीतली वाळू सातची, तेव्हा राखेनं भांडी घासणं नको. धुवायचा तर कोमट साबणपाण्यानं, मऊ फडक्यानं.

भाची कान देऊन ऐकत होती.

"मामा, म्हणजे भांडी नको, चूल नको, भाताची लावणी नको?"

"नको."

"आणि खडा बोटातनं काढायचा नाही?"

"ज्योतिषी तसंच म्हणालेत."

"आई, बांध गं पुडी!"

ताईनं पोरीकडे पाहिलं, खड्याकडे पाहिलं, आणि हळूच शेठजींना विचारलं, "ह्याहून जरा काटक काही नाही का हो?"