विक्रांतची टाकी

माझ्याकडं एक मोटारसायकल आहे. हे एवढं वाक्य लिहायला आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या.

आजा परळच्या गिरणीत होता, कताई खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आजा गावी आला, तो पुन्हा कामाला म्हणून मुंबईला गेलाच नाही. आमचं गाव म्हसळ्याच्या पलीकडं, खाडीच्या अंगाला. आमच्या वाडीत जायची वाट खोताच्या पडवीसमोरून. खोती मोडायचं बिल बाबासाहेबांनी १९३७ लाच मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं होतं. कायदा झाला १९४९ ला. खोती गेली, पण पडवी जागेवरच राहिली आणि तिच्यासमोर चप्पल हातात घ्यायची सवयही राहिली. गिरणीच्या दारात मुकादमाशी भांडणारा माझा आजा त्या पडवीसमोर आला की वाकायचा, चपला काढायचा, वीसेक पावलं अनवाणी चालायचा, पुन्हा घालायचा. हे मला बा नं सांगितलं. बा नं सायकल घेतली. बा चप्पल काढत नव्हता, पण सायकलीवरून खाली उतरायचा आणि ती हातात धरून न्यायचा. "चढ हाय रं तिथं," मला म्हणायचा. चढ आहे, खोटं नाय. पण परत जाताना तोच उतार असतो, आणि बा तेव्हाही चालतच जायचा.

मी पण मिलमध्येच आहे. फक्त माझी मिल कापडाची नाही, लोखंडाची. खोपोलीकडं एका रोलिंग मिलमध्ये. भंगार येतं, भट्टीत वितळतं, त्याची कांडी होते, कांडी लालभडक असताना रोलरमधून जाते आणि दुसऱ्या टोकाला सळई निघते. आठ तास त्या धगीसमोर सांडस घेऊन उभं राहायचं. नववीला शाळा सुटली. पुढचं जे काय वाचलं ते रद्दीतून आणि जयंतीच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून. कविता करतो. वर्गणी काढून छापतो. असो.

गाडी घेतली २०१९ ला. जुनी, २०१६ चं मॉडेल. म्हसळ्याचा एक कोकणी मुसलमान भाई कुवेतला चालला होता, त्याला विकायची होती. अडतीस हजार. पंधरा माझे, दहा आयच्या बचत गटाचे, बाकीचे हप्त्यानं. भाई बोलला, "हप्ते माझ्या अम्मीकडं देत जा, आणि टाकीला पोचा पडू देऊ नको, ती साधी टाकी नाय."

मला आधी कळलं नाही. मग बघितलं, टाकीच्या झाकणावर विक्रांतची खूण.

ही बजाजची व्ही-१५. दोस्तहो, जाहिरात करत नाय, ही गाडी आता बनतही नाही. २०२० ला धुराचे नवे नियम आले, त्या सुमारास ती बंद झाली. पण तिची गोष्ट आमच्या भट्टीसारखीच आहे म्हणून सांगतो. विक्रांत ही इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली आणि अर्धवट सोडलेली बोट. भारतानं ती १९५७ ला विकत घेतली, १९६१ ला नौदलात आली. १९७१ च्या लढाईत तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव, कॉक्स बझारवर हल्ले केले. १९९७ ला निवृत्त झाली. मग मुंबईत म्युझियम म्हणून उभी राहिली, पोरं तिकीट काढून बघायला जायची. तेही परवडेना. २०१४ ला लिलावात गेली आणि त्याच वर्षी दारूखान्यात तिच्यावर गॅसकटर चालले. तिचं काही लोखंड बजाजनं घेतलं, वितळवलं, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ही गाडी लोकांना दाखवली, टाकीच्या पत्र्यात विक्रांत मिसळलेली.

टीव्हीवर तेव्हा मोठ्या अभिमानाची जाहिरात लागायची. तिच्यात लढणारी बोट होती, समुद्र होता. दारूखान्यातला कटरवाला मला तरी दिसला नाही. चिखलात घोटाभर उभं राहून ज्यानं ती बोट हातहात कापली, त्याच्या घरी ही गाडी असेल काय, हा प्रश्न मला भट्टीसमोर उभं राहून पडतो. कारण भंगार मला माहीत आहे. भट्टीत सगळं एकत्र जातं. खाटेचा पाया, एसटीचा पत्रा, गणपतीच्या मंडपाचा पाईप, बोटीची प्लेट. एकदा वितळलं की कोण कुठलं ते ब्रह्मदेवाच्या बापाला सांगता येणार नाही. माझ्या टाकीत विक्रांत किती? चमचाभर असेल, नखाएवढी असेल. मला त्याचं सुखदुःख नाही. वितळल्यावर लोखंडाला पूर्वीचं नाव राहत नाही, हे मात्र मला रोज बघायला आवडतं.

आता गाडीचं. कुणी गाडीवर प्रेम करतो म्हटलं की मला पूर्वी हसू यायचं. आमच्या खोलीत पाच जण. त्यातल्या एकाची कर्जावरची बुलेट. तो तिला रविवारी आंघोळ घालतो, तिच्या हप्त्यासाठी डबल ड्युटी करतो, आणि खड्ड्यांत खराब होईल म्हणून गावी एसटीनं जातो. दुसऱ्याची शंभर सीसीची. बिचारी पाण्यावर चालल्यासारखी चालते, पण मागं माणूस आणि मध्ये तांदळाचं अर्धं पोतं ठेवून घोणसे घाट चढताना तिचा जीव जातो. माझी मधली. १४९.५ सीसी. वजन साधारण १३५ किलो, म्हणजे वाऱ्यात हलत नाही आणि पडली तर एकट्यानं उचलता येते. ताकद बारा घोड्यांची, त्यात गाजावाजा करण्यासारखं काही नाही, पण ती ताकद खालीच मिळते. इंजिन रडवायला लागत नाही. तिसऱ्या गिअरला टाका, आय मागं, पोतं मध्ये, ती आपली धडधड करत घाट चढते. बसायला बुटकी, दोन्ही पाय जमिनीला टेकतात. लिटरला पन्नासच्या आसपास जाते. क्लच वायर, प्लग, चेन, ब्रेकचे लायनर मी स्वतः बदलतो. बदलता बदलताच ओळख झाली. कुठला नट कुठल्या पान्यानं हलतो, सकाळी थंडीत चोक किती ओढायचा, कुठला आवाज खरा आणि कुठला नुसता गार्ड हलल्याचा, हे कळायला लागलं की गाडी घरातली होते. माझ्या आजीची शेळी होती तशी. दिसायला काय नव्हती, पण तिच्या पायाचा आवाज आजीला झोपेत ओळखू यायचा.

आणि तिनं मला एक रात्र दिली. आधी शनिवारची दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची, मग पहाटेपर्यंत खोपोलीच्या स्टँडवर डास मारत बसायचं. घरी पोचायला रविवारची दुपार. जेवायचं आणि परत निघायचं. आता अकराला सुटतो, पाली, वाकण, कोलाड, माणगाव करत साडेतीनच्या आसपास घरी. मुंबई-गोवा रस्त्याचं रुंदीकरण २०११ ला सुरू झालं, तेव्हा मी शाळेत होतो. त्या रस्त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कागद वाया जाईल. कोलाडच्या टपरीवर चहा पितो. तिथं पगाराच्या पावतीमागं दोनचार ओळी लिहितो. आठवड्यातली ती एकच रात्र अशी की भोंगा माझा नाही, मुकादम माझा नाही, आणि मी कुठल्या फलाटावर कुणाची वाट बघत नाही.

तर तो पहिला दिवस. गाडी घेऊन वाडीकडं निघालो. मनात ठरवलेलं, पडवीसमोर जोरात हॉर्न मारायचा. आजाच्या नावानं एक, बा च्या नावानं एक. चढाला आलो आणि हात थरथरला, क्लच सुटला, गाडी बंद! बरोब्बर पडवीसमोर. सेल्फ मारला, घेईना. म्हातारा खोत झोपाळ्यावर. चष्मा सावरून बोलला, "कुणाची रं गाडी?"

मला वाटलं होतं मी कायतरी मोठं बोलेन. मी बोललो, "माझी."

"बरी हाय," तो बोलला. "न्यूट्रल कर आधी."

न्यूट्रल केली. सुरू झाली. मी हॉर्न वाजवायचा विसरलो. मी गाडीवरून उतरलो नव्हतो, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड झोडपून काढलं. मी खोपोलीत. संध्याकाळपासून गावचा एकही फोन लागेना. आय एकटी घरात, बा आदल्याच वर्षी गेलेला. चार तारखेला पहाटे निघालो. मागं ताडपत्री बांधलेली, पिशवीत मेणबत्त्या, बिस्किटं, खिळे.

माणगावच्या पुढं रस्ता म्हणून उरला नव्हता. घोणसे घाटात झाडांवर झाडं. मोटारी, टेम्पो रांगेत उभे. लोक कोयते, करवती घेऊन कापत होते. जिथं हँडलएवढी फट झाली तिथनं मी घातली. दोन ठिकाणी फटही नव्हती. तिथं चौघांनी मिळून उचलून पलीकडं ठेवली. ते चौघे कोण, मला माहीत नाही. मी कोण, त्यांनी विचारलं नाही. बुलेट असती तर उचलली नसती, एवढं खरं.

घरावर एक पत्रा नव्हता. नारळी आडव्या, फणस मुळासकट उपटलेला. आय चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेली, अंगावर गोणपाट. पाऊस चालूच. मला बघितलं, गाडी बघितली.

"पावसात नको ठेवू," बोलली. "आत घे."

आत म्हणजे कुठं? वर सगळं आभाळ. तरी मी घेतली. उंबऱ्यावरून आत, चुलीजवळ. मग आम्ही दोघं हसलो आणि मग ती रडली.

पुढं पंचनामे सुरू झाले. वरच्या आळीत झाले. आमच्या वाडीत चार दिवस कुणी फिरकलं नाही. विचारायला गेलो तर कागदवाला माणूस बोलला, वाडीत यायला रस्ता नाही, झाडं पडलीत, मोकळा झाला की बघू. मी बोललो, "साहेब, बसा मागं. रस्ता मी दाखवतो." तो गाडीकडं बघतच राहिला. आता नाय म्हणायला कारण नव्हतं. बसला. ओढ्याच्या उतारावर गाडी घसरायला लागली तशी त्यानं दोन्ही हातांनी माझे खांदे घट्ट धरले. आजा असता तर त्या हातांकडं बघत बसला असता. त्या दिवशी सतरा घरांचे पंचनामे झाले. त्याला परत पण मीच सोडला, पडवीसमोरून. पेट्रोल माझं.

म्हणून जेव्हा २०२५ च्या फेब्रुवारीत बातमी वाचली, तामिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यात कॉलेजात शिकणाऱ्या दलित पोरानं बुलेट चालवली म्हणून त्याच्या हातांवर वार केल्याची, तेव्हा मी बाहेर जाऊन गाडीच्या हँडलवर हात ठेवून उभा राहिलो. त्यांनी हातच का निवडले ते मला कळलं. क्लच डाव्या हातात असतो, ब्रेक आणि वेग उजव्या.

आता गाडी म्हातारी झालीय. खाऱ्या हवेनं गार्ड खाल्ला, सायलेन्सर दोनदा वेल्डिंग केला, मागचा टायर सोळा इंची, तो शोधत फिरावं लागतं. एका शोरूमवाल्यानं मला कागदावर हिशेब करून दाखवला. नवी घे, ही भंगारात जाईल, सात हजार देतो. मी विचारलं, भंगार कुठं पाठवता? बोलला, खोपोलीला, तिकडं रोलिंग मिल हायत ना. मला हसू आलं. त्याला कळलं नाही. एखाद्या पाळीला ती माझ्याच समोर आली असती, आणि सांडशीनं पकडून मीच तिची सळई केली असती. टाकी कापायला मात्र दुसऱ्याला सांगितलं असतं. मी तिचा कागद तसाच ठेवून आलो आणि इंजिनला नवे रिंग पिस्टन टाकले.

या १४ एप्रिलला आय बोलली, मला आंबडवे दाखव. बाबासाहेबांच्या वाडवडिलांचं गाव, मंडणगड तालुक्यात. श्रीवर्धनवरून बागमांडल्याला गेलो. तिथं फेरीबोट लागते, पलीकडं वेसवी, रत्नागिरी जिल्हा. मध्ये सावित्री. हीच नदी वर महाडजवळून वाहत येते, जिथं २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. इथं बाणकोटच्या खाडीत येईपर्यंत ती खारट होते आणि रुंद.

बोटीवर गाडी चढवली. बोटवाला पोरगा आला, लाकडाचा ठोकळा चाकाखाली सरकवला. बोटीत गाड्यांवरून उतरून कठड्याला उभं राहायचं, तसा रिवाज. सगळे उतरले. मी उतरलो. आय मागच्या सीटवर तशीच, निळी साडी, मांडीवर फुलांची पिशवी.

"मावशी, उतरा," पोरगा बोलला.

"ऱ्हाऊ दे रं बाबा," आय बोलली. "मी हाय ती बरी हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी गाडीचं हँडल दोन्ही हातांनी धरलं, आणि बोट सुटली.